अंगणात एकच रुपेरी झाड लावायचं तर: सिल्व्हर ओक की टॅबेबुया?

रुपेरी पानांचं झाड हवं असं मनात धरून नर्सरीत गेलं की आपल्याकडे फिरून फिरून दोनच नावं पुढे येतात. एक सिल्व्हर ओक. दुसरा पिवळ्या फुलांचा, राखाडी-रुपेरी पानांचा टॅबेबुया. त्याला नर्सरीवाले अजूनही ‘आर्जेन्शिया’ म्हणतात, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत मात्र आता ‘ऑरिया’ छापलं जातं. दोन्ही काटक. दोन्हींना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घातलं की पुढे लाड करावे लागत नाहीत. एक नाजूक आणि एक दणकट असं असतं तर विचारच करावा लागला नसता. इथे दोन्ही दणकट असल्यामुळे माणूस अडतो.

माझा अनुभव दोन घरांतला आहे. साताऱ्याच्या घरी वडिलांनी कुंपणालगत सिल्व्हर ओक लावले, ते मी लहान असल्यापासून तिथे आहेत. तळेगावला स्वतःचं घर झालं तेव्हा अंगणात एका मोठ्या झाडापुरतीच जागा होती आणि तिथे मी टॅबेबुया लावला. तेव्हा पुढचं जे काही आहे ते मोजमाप नाही, शेजार आहे. तुमची माती, तुमचा वारा वेगळा असेल तर दोन गोष्टी कमी-जास्त होतील, हे गृहीत धरून वाचा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण ती बहुतेकांना झाड मोठं झाल्यावर कळते. महाराष्ट्रात नागरी हद्दीत 1975 चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे. स्वतःच्या अंगणातलं, स्वतःच्या हातानं लावलेलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणजे ‘लावून तर बघू, नाही पटलं तर काढू’ हा मार्ग इथे नाही. निवड आत्ताच करायची.

आधी चांदीचं बघू, कारण त्यासाठीच तर एवढी खटपट.

सिल्व्हर ओकची चांदी पानाच्या पाठीला असते. वरची बाजू चांगली गडद हिरवी. त्यामुळे वारा नसेल त्या दिवशी हे झाड साधं हिरवं झाड असतं, आणि वारा सुटला की एकदम उलटून चमकतं. पाचगणीला हे बघावं. पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसन यांनी 1860 च्या दशकात जी बाहेरची झाडं आणून लावली त्यांत सिल्व्हर ओक होता असं सांगतात. आज तिथल्या शाळांच्या आवारात, रस्त्यांच्या कडेला ही झाडं इतकी रुजली आहेत की ती तिथली नव्हेत यावर विश्वास बसू नये. उतारावर उभं राहून खालच्या झाडांच्या शेंड्यांकडे बघत असाल आणि दरीतून वारा वर येत असेल तर हे झाड रुपेरी का म्हणवतं ते समजतं. अंगणात तशी सोय नसते. आपण झाडाच्या बुंध्याशी उभे, पानं पन्नास फुटांवर. खालून पाठच दिसते हे खरं, पण मागे आकाशाचा लख्ख उजेड असतो आणि त्या उजेडावर ती पाठ काळपट दिसते. साताऱ्याच्या आमच्या झाडांची खरी शोभा आम्हाला कधी दिसलीच नाही. ती दिसायची दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाला.

टॅबेबुयाच्या पानावर दोन्ही बाजूंनी बारीक रुपेरी खवल्यांचा थर असतो. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या कोरड्या माळरानांचा, ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वेकडचा. अंगावरचं ऊन परतवायचं आणि पानातलं पाणी राखायचं, हे त्या थराचं काम. म्हणून भर उन्हात, जिथे बाकीची झाडं मलूल दिसतात, तिथे हे झाड उलट उजळतं. वाऱ्याची वाट बघावी लागत नाही. चांदीचा हा कस सावलीत उतरतो, जास्त पाण्यानं उतरतो, आणि पावसाळ्यात ओली पानं हिरवट दिसतात. रस्त्याकडेला धूळ बसली तर राखाडीच म्हणावं लागेल. पण वर्षातले कोरडे आठ महिने ती असते, आणि डोळ्यांच्या पातळीवर असते.

कारण हे झाड लहान आहे. आठ मीटरच्या आसपास थांबतं, बऱ्याचदा त्याच्याही आत. सिल्व्हर ओक त्याच्या मूळ मुलखात, पूर्व ऑस्ट्रेलियाच्या रानात, तीस मीटरच्या पुढे जातो. आपल्याकडे वीस मीटर तरी सहज गाठतो. मात्र तो सरळसोट चढतो, फार पसरत नाही, त्यामुळे ‘जागा कमी खातो’ असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. जमिनीवर कमी खातो, हवेत नाही. अंगणावरून विजेच्या तारा जात असतील तर तो विषय तिथेच संपवा. तारांखालच्या सिल्व्हर ओकचा शेंडा दरवर्षी छाटला जातो, आणि या झाडाचं सगळं रूप त्या एका सरळ शेंड्यात असतं. छाटलेला सिल्व्हर ओक फारच केविलवाणा दिसतो.

वाढीच्या वेगात सिल्व्हर ओक निर्विवाद पुढे. चांगल्या जागी सुरुवातीची काही वर्षं तो वर्षाला दीड-दोन मीटर चढतो. घर बांधून झालंय, समोरच्या इमारतीच्या खिडक्या थेट आपल्या स्वयंपाकघरात बघतायत, आणि आडोसा लवकर हवाय, अशी अडचण असेल तर टॅबेबुया तुम्हाला रडवील. तो आरामात वाढतो. पहिली काही वर्षं तर चार फांद्या चार दिशांना, असा त्याचा अवतार असतो. पाहुणे विचारतात, ‘हे काय लावलंय?’ आपण म्हणायचं, ‘येईल, येईल.’

जमिनीबाबत दोघांचीही मागणी एकच, पाणी साचता कामा नये. सिल्व्हर ओकच्या मुळांना बारीक मुळ्यांचे झुबके फुटतात आणि ते हलक्या जमिनीतूनही फॉस्फरस ओढून घेतात. मुरमाड जागेत तो खुशीत राहतो तो यामुळे. त्याच्या बुडाशी डीएपीसारखं फॉस्फरसचं खत ओतायची काही गरज नसते. या झाडाखाली काहीच उगवत नाही असंही म्हणतात. त्यातला अर्धाच भाग खरा. 1967 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं होतं ते एवढंच, की त्याच्या जिवंत मुळांशी त्याचीच रोपटी मरतात. बाकीच्यांशी त्याचं फारसं वैर नाही, नाहीतर कोडगू-चिकमंगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत तो सावलीसाठी ठेवला नसता. तिथे त्याच्या खोडावर मिरीचे वेल चढवतात, पुढे लाकूड प्लायवूडला जातं. मळेवाल्याच्या दृष्टीनं बघाल तर हे झाड सोन्याचं आहे. पण आपण मळेवाले नाही, आपल्याला गच्ची आहे.

आणि गच्चीपाशीच माझा निकाल लागला.

सिल्व्हर ओकचं वाळलेलं पान एकदा हातात घेऊन बघा. वीतभर लांब, खोल कातरलेलं. वाळताना त्याच्या कडा आत वळतात आणि प्रत्येक टोकाचा आकडा होतो. एक पान दुसऱ्यात अडकतं, दुसरं तिसऱ्यात. खराटा मारला तर ढीग पुढे सरकायच्या ऐवजी काड्यांत गुंततो, आणि दर चार हातांवर थांबून खराटा मोकळा करावा लागतो. ड्युरांटाच्या कुंपणावर पडलेली पानं तर वेचूनच काढायची, झाडून निघत नाहीत. हिरवळ असेल तर दाताळं फिरवा, मग दाताळ्यातून ती सोडवा. गाडी झाडाखाली लावली तर वायपरच्या खाचेत एखादं पान हमखास, आणि ते काढताना हातात अर्धंच येतं.

हे दोन आठवडे चाललं असतं तर मी काही बोललो नसतो. आंब्याचीही पानं पडतात, बदामाची तर केवढाली पडतात. पण सिल्व्हर ओकची गळ वर्षभर थोडी थोडी चालू असते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वाढते. झाड पूर्ण उघडं पडून मोकळं होत नाही आणि अंगण कधी स्वच्छ राहत नाही. सकाळी झाडलेल्या फरशीवर दुपारी पानं असतात. आई म्हणायची, ‘या झाडाला सुट्टी म्हणून माहीत नाही.’

कुजतही लवकर नाहीत. खड्ड्यात टाकलेला बाकीचा पाचोळा पावसाळ्यानंतर काळा, भुसभुशीत झालेला असतो आणि मधूनच सिल्व्हर ओकची पानं आपापल्या आकारात वर येतात. एक उपयोग मान्य करायला हवा, बंब पेटवायला यासारखं दुसरं काही नाही. काडी लावली की भुर्रकन पेटतात. पण बंब गेला, गीझर आला आणि तोही आधार संपला. पेटण्याचा हाच गुण उन्हाळ्यात कुंपणालगत पाचोळा साचला की धास्तीचा वाटतो, विशेषतः पलीकडे कोणी कचरा जाळणारं असेल तर.

खरी गोम पाण्याच्या वाटेत आहे. गच्चीच्या पाइपच्या तोंडाशी जाळी असते. साधारण पानं त्या जाळीवर येऊन पडतात, पाणी त्यांच्या कडेनं वाट काढतं. सिल्व्हर ओकची पानं एकमेकांत विणली जातात आणि जाळीवर चटई तयार होते, वर धूळ बसून ती घट्ट होते. उन्हाळाभर पाऊस नसल्यामुळे कोणाला कळत नाही. मग मे महिन्यात एखाद्या संध्याकाळी वळीव येतो. आमच्याकडे एकदा तो असा आला, की अर्ध्या तासात गच्चीवर घोटाभर पाणी साचलं, जिन्याच्या उंबऱ्यावरून आत आलं आणि पायऱ्या उतरत थेट माजघरात. धान्याच्या पोत्यांपर्यंत. वडील भर पावसात, विजा चमकत असताना, वाकून हातानं ती चटई फाडत होते. पुढच्या वर्षी जाळी बदलली, उभी घुमटीची बसवली. घुमटीभोवतीही पानांनी कडं केलं. शेवटी उपाय एकच उरला, फेब्रुवारीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत दर आठवड्याला कोणीतरी गच्चीवर चढायचं. वडील होते तोवर ते चढत. पुढे गुडघ्यांनी ऐकणं सोडल्यावर माणूस लावावा लागला, आणि पाचोळ्याचे तो वेगळे पैसे घेतो.

बरं, हे फक्त आपल्या गच्चीपुरतं नसतं. उंच झाडाची पानं वारा नेईल तिथे जातात. शेजारच्या काकू एकदा हसत हसत बोलल्या, ‘चांदी तुमची, पण आमची झाडणावळ कोण देणार?’ हसण्यावारी गेलं, पण त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. दाट वस्तीत झाड लावताना हा भाग नर्सरीत कोणी सांगत नाही.

टॅबेबुयाही पानं गाळतो, आणि ती काही लहान नसतात. एका देठाला पाच-सात लांबट, चामड्यासारखी जाड पर्णिका. पण गळ होते ती फुलायच्या आधी, हिवाळा संपता संपता, काही आठवड्यांत. जड असल्यामुळे बुंध्याभोवतीच पडतात, खराट्यानं निमूटपणे गोळा होतात आणि काम संपतं. मग फुलांचा सडा, तो चार दिवसांत वाळून हलका होतो. त्यानंतर बारीक लांब शेंगा तडकतात आणि कागदासारखे पंखवाले बी उडतात. खिडकीच्या जाळीत अडकतात थोडे. एवढं वर्षाचं देणं. वळीव येतो तोवर गच्ची साफ असते आणि झाडावर नवी पालवी. माझ्यापुरता फरक केराच्या वजनाचा नव्हताच. एकाचा केर ठरल्या वेळी येतो आणि दुसऱ्याचा नेमका पावसाच्या तोंडावर गच्चीत ठाण मांडून बसतो.

आता टॅबेबुयाचा दोष, कारण तो लहान नाही. हे झाड कलतं. सरळ उभा टॅबेबुया दाखवा आणि शाबासकी मिळवा, इतकं ते नित्याचं आहे. खोड बाक घेतं, माथा एका बाजूला जड होतो, मुळांची पकड त्या मानानं कमी, आणि जोराचा वारा आला की मोठं झाड मुळासकट आडवं पडू शकतं. काळ्या चिकण मातीत पावसाळ्यात जमीन लोण्यासारखी होते तेव्हा हा धोका वाढतो. माझं झाडही पश्चिमेला झुकलेलं आहे. काही जणांना तो बाक देखणा वाटतो. माझ्या बायकोला वाटत नाही.

सिल्व्हर ओक सहसा असा उपटून पडत नाही, पण त्याचं लाकूड ठिसूळ. मोठी फांदी किंवा वरचा निम्मा बुंधा मोडून येतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूनं वर चढलं आणि आमच्या भागातूनही गेलं. दुसऱ्या दिवशी कॉलनीत फिरलो तेव्हा एका बंगल्यातला सिल्व्हर ओक मध्यावर मोडून शेजारच्या पत्र्यावर पडला होता. माझ्या टॅबेबुयाची काठी सुटली होती, झाड होतं. यावरून कोणताही नियम काढू नका, माझं झाड तेव्हा लहान होतं आणि दोन भिंतींच्या आडोशाला होतं. पण वीस मीटरवरून येणारी फांदी आणि आठ मीटरचं झाड आडवं होणं, यातलं कोणतं परवडेल हे घराचा नकाशा समोर ठेवून ठरवता येतं. टॅबेबुया पडला तर कुठवर पोचेल ते आधी पावलांनी मोजता येतं, आणि मी ते मोजूनच खड्डा घेतला.

कलणं पूर्ण थांबवता येत नाही, कमी करता येतं. काळी माती असेल तर मुरूम मिसळून उंचवटा करा आणि त्यावर लावा. बांबूची काठी पहिली काही वर्षं ठेवा, सुतळी सैल बांधा म्हणजे खोड थोडं हलतं आणि जाड होतं. पावसाळा संपल्यावर माथ्याची जड बाजू हलकी करा. आणि झाड लागलं की पाणी बंद. हे लोकांना जमत नाही. हिरवळीच्या पाइपखाली आलेला टॅबेबुया भसाभसा हिरवा होतो, चांदी उतरते, माथा जड होतो आणि मग झुकतो.

फुलांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण इथे माझा पक्षपात लपणार नाही. सिल्व्हर ओकची फुलं नारिंगी-सोनेरी, दात घासायच्या ब्रशसारखी एका बाजूला उभी, मधानं थबथबलेली. पाचगणीच्या हवेत ती झाडभर येतात. साताऱ्याला बऱ्यापैकी येतात. आणखी खाली, उष्ण भागात कमी होत जातात असं माझं निरीक्षण. शिंजीर, बुलबुल, साळुंक्या त्यांच्यावर तुटून पडतात, आणि पक्ष्यांसाठीच झाड लावणार असाल तर हा मुद्दा सिल्व्हर ओकच्या बाजूनं जड आहे. पण ती फुलंही उंच असतात, आणि पानांत मिसळलेली. टॅबेबुया फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकून उघड्या फांद्यांवर फुलतो, सगळा एकाच वेळी, भडक पिवळा. भुंगे येतात, त्यांचा आवाज दारापर्यंत ऐकू येतो. बंगळूरुला या दिवसांत गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. हा बहर दोन-तीन आठवड्यांचा, आणि एखादं वर्ष अवकाळी पावसानं धुऊन नेतो. तरीही.

एक बारीक सूचना, जी कोणी देत नाही. सिल्व्हर ओकच्या भुशाचा, क्वचित पानांचा, काहींच्या कातडीला त्रास होतो, पुरळ उठतो. आंब्याच्या चिकानं ज्यांचं तोंड उततं त्यांनी याची छाटणी करताना लांब बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालावेत.

दोन्ही झाडं परदेशी आहेत हे उघडच आहे. सिल्व्हर ओक हवाई बेटांवर उपद्रवी ठरलेला आहे. देशी झाडाचाच आग्रह असेल तर मुचकुंदाचा विचार करा. त्याच्या पानाची पाठ पांढरट-रुपेरी असते, फुलांचा वास घरभर येतो. जागा मात्र भरपूर लागते आणि पानं पत्रावळीएवढी. नर्सरीत आणखी दोन नावं पुढे केली जातील. बिस्मार्किया हा मादागास्करचा निळसर-रुपेरी ताड, दिसायला राजेशाही, पण त्याचं एकेक पान तीन मीटरपर्यंत रुंद होतं. लहान अंगणात तो कालांतरानं दरवाजाच अडवतो, आणि किंमत ऐकून मी पुढचं विचारलं नाही. दुसरा रुपेरी कोनोकार्पस. खारी हवा सोसतो, म्हणून कोकण किनाऱ्यावरच्या बंगल्यांना तो सुचवला जातो. पण गुजरात सरकारनं 2023 मध्ये कोनोकार्पस लावण्यावर बंदी घातली. त्याच्या परागांनी सर्दी-दमा बळावतो आणि मुळं गटारं, केबल यांत घुसतात, ही कारणं त्यात दिली होती. मग मी तरी कशाला लावू?

तर कोणी काय घ्यावं? शेतघर असेल, बांधावर वारा अडवायला रांग हवी असेल, घरापासून वीस-पंचवीस मीटर लांब जागा असेल, तर सिल्व्हर ओक घ्या आणि निर्धास्त राहा. त्या जागी टॅबेबुया तुमच्या काही उपयोगाचा नाही. तिथे पानं पडली तर पडली, शेतात कोण खराटा मारतो. टेकडीवर राहत असाल आणि झाडाकडे वरून बघता येत असेल तरी तोच. शहरातला बंगला, रो-हाउस, सोसायटीचं प्रवेशद्वार, जिथे झाडाच्या दहा-पंधरा फुटांवर गच्ची, टाकी, शेजार आणि गाड्या आहेत, तिथे मी तरी टॅबेबुयाच्या बाजूला झुकेन. थोडासा त्याच्यासारखाच, एका बाजूला.

एवढं वाचून टॅबेबुया घ्यायचं ठरलंच, तर रोप ओळखून घ्या. ‘टॅबेबुया’ म्हणून गुलाबी फुलांचाही देतात आणि रुंद हिरव्या पानांचा दुसरा पिवळाही. 2007 मध्ये या गटाची फेरमांडणी झाली आणि काही पिवळे ‘हँड्रोॲन्थस’ नावाखाली गेले, पण नर्सरीच्या पाटीवर अजून सगळे एकच. आपला तो लांबट, राखाडी, चामडी पानांचा आणि भेगाळलेल्या बुचासारख्या सालीचा. पान उलटून दोन्ही बाजू बघा. एकच बाजू फिकी असेल तर परत ठेवा.

जून-जुलैत, पाऊस लागल्यावर आणा. पिशवी ओढून काढू नका, ब्लेडनं उभी कापा, तळाशी गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा, फार वळलेली असतील तर कापून टाका. रोप तीन-चार फुटांचंच घ्या. दहा फुटी झाड फुलांसकट उचलायचा मोह होतो आणि नर्सरीवालाही तेच दाखवतो, पण पिशवीत तेवढं वाढलेल्या झाडाची मुळं स्वतःभोवती गुंडाळलेली असतात, आणि पुढे टॅबेबुया कलतो तो बऱ्याचदा तिथूनच.